एक्सल बूट घरी बदलला, पण क्लिप मिळेना

आधी हेच सांगतो, कारण मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. गाडीचा एक्सल बूट, म्हणजे एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण, घरी बदलायचा विचार असेल तर रबर बघण्याआधी त्याच्या कडा आवळून धरणाऱ्या क्लिपा हातात घेऊन बघा. रबर इंदूरात कुठेही मिळतं. पाने, जॅक, ग्रीस, सल्ला, सगळं मिळतं. क्लिप मिळत नाही, आणि तिच्याविना बाकीचं सगळं फुकट.

आमची गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक. पंक्चरसाठी डावं पुढचं चाक काढलं तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे, आणि चाकाकडच्या बुटाच्या एका घडीत बोटभर चीर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा म्हणजे एक्सल. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात: चाकाकडच्या सांध्यात सहसा सहा स्टीलचे बॉल, गिअरबॉक्सकडच्या सांध्यात बहुतेक गाड्यांत तीन रोलर. चाक वळलं, खड्ड्यात आपटलं, तरी फिरणं एकसारखं राहावं म्हणून ही सगळी व्यवस्था, आणि तिचं ग्रीस आत ठेवायला हा घड्या-घड्यांचा रबरी बूट. तो फाटला की फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर उडतं आणि रस्ता आत शिरतो. आपल्या माळव्यात तर रस्ता म्हणजे काळी माती. पावसाळ्यात तिचा चिखल सांध्यात गेला की एका मोसमात बॉलच्या खाचा खाऊन टाकतो. म्हणून हे काम जूनच्या आधी उरकायचं होतं.

गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलंही नाही. "पूरा एक्सल डलवा लो भिया, बूट का काम हम नहीं करते." का, तर "टाइम खाता है". निदान खरं बोलला. पण काही शे रुपयांच्या रबरासाठी काही हजारांचा एक्सल मी का घालू? सांधा गेला असेल तर ठीक. ते तपासणं सोपं आहे. दसरा मैदानाजवळ मोकळी जागा बघून स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि हळूहळू गोल चकरा मारल्या, आधी डावीकडे, मग उजवीकडे. सांधा झिजला असेल तर कट-कट-कट असा ठेक्यात आवाज येतो. माझ्या गाडीत आला नाही. चिरेतून थोडं ग्रीस बोटावर घेऊन चोळलं, कचकच लागली नाही. म्हणजे बूटच बदलायचा. तुमच्याकडे आवाज येत असेल तर नुसता बूट बदलून काही मिळणार नाही, तिथे गॅरेजवाला बरोबर आहे.

खोलण्याचं काम मी थोडक्यात सांगतो, कारण ते खरोखर थोडक्यात झालं. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, कुणाला तरी ब्रेक दाबून बसवून. माझ्याकडे त्या कामाला भाचा होता. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची. मग लांब दांड्यावर पाइप चढवून जोर. त्यानंतर मागच्या चाकांना विटा, जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता दोन्ही बाजूंना स्टँड. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून आर्म (हबला खालून धरणारा दांडा) खाली दाबला की हब बाहेर फिरतं आणि एक्सलचं टोक त्यातून निसटतं. गिअरबॉक्सकडचं टोक पहारीने हलकेच उचकून काढायचं. गिअर ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर पार्किंगच्या फरशीवर ते पुसत बसाल आणि सोसायटीचे सेक्रेटरी वरून बघत बसतील. दांडा धरून ओढायचं नाही, आतला सांधा आतल्या आत सुटतो.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलात स्पष्ट लिहिलंय की चाकाकडचा सांधा खोलायचा नाही. म्हणजे बाहेरचा बूट चढवायलाही आतल्या टोकाकडून यावं लागतं. आतला बूट मागे सारायचा, सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायची, तीन रोलरचा तो तुकडा ओढायचा आणि मग दोन्ही बूट उतरतात. काढण्याआधी शाफ्टवर आणि त्या तुकड्यावर पेंटने खूण करा, तो तसाच परत बसला पाहिजे. एवढं खोललंच आहे तर आतला बूटही नवाच घालावा. सगळं रॉकेलमध्ये धुतलं, वाळवलं. इथवर पोचलो तेव्हा चहाची वेळही झाली नव्हती.

आणि मग क्लिप.

किटमध्ये बूट चांगले होते, ग्रीसची पाकिटं होती, नवी सर्क्लिप होती. क्लिपांच्या नावाखाली होत्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या. पट्टी ओढायची, दुमडायची, वरची जीभ ठोकून बसवायची. छोटी बसली. मोठी ताणून दुमडताना घडीवरच तुटली. पट्टीच तशी होती, कारण दुसरी आणली तीही तिथेच तुटली.

मग छोटी ग्वालटोली या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात एकेक दुकान धरलं. "क्लिप अलग से नहीं आती, किट लो." किट दाखवा म्हटलं तर तीच पट्टी. एका मोठ्या काउंटरवर संगणकात चेसिस नंबर घातला, चांगल्या क्लिपांसकट किट निघाली, पण "ऑर्डर पे आएगी". कधी? "कल फोन कर लेना." केला. "गाडी लगी नहीं अभी." परत केला. "सर, आपका नाम लिखा हुआ है." माझं नाव कुठे लिहून काय होणार होतं देव जाणे! शेवटी शेवटी तो माझा आवाज ओळखून आधीच "नहीं आया सर" म्हणायला लागला.

तोवर गाडी स्टँडवर, एक चाक उघडं, आणि एक्सल जुन्या चादरीत गुंडाळून गॅलरीत. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, नंतर विचारणं सोडलं, ते जास्त वाईट. पार्किंगमधून जाणारा प्रत्येक जण थांबायचा आणि उपाय सांगायचा. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अरे, तार गुंडाळ आणि पक्कडीने पीळ दे. आमच्या स्कूटरला आम्ही काय करायचो?" भाचा म्हणाला, "मामा, झिप टाय लाव ना, काळा, दिसणार पण नाही." तिसऱ्याने पाण्याच्या पाइपची स्क्रूवाली क्लिप घरून आणूनच दिली.

या तिन्हींपैकी एकही चालत नाही आणि का नाही ते लिहितोच, कारण तेव्हा प्रत्येकाला समजावून माझा घसा बसला होता. ताशी 80 ला छोट्या गाडीचं चाक मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं, आणि आतलं ग्रीस सतत बाहेर रेटत असतं. तार एका रेषेत कापते, रबर तिथूनच फाटतं. झिप टाय हाताने पुरेसा ताणता येत नाही, वर उष्णता आणि ग्रीस लागून सैलावतो. स्क्रूच्या क्लिपेचं डोकं जाड, ते एका बाजूला वजन टाकतं, आसपास घासू शकतं, आणि त्या डोक्याखाली दाब सारखा बसत नाही. हल्ली बरेच बूट मऊ रबराचे नसून कडक प्लॅस्टिकसारख्या मालाचे असतात, त्यांना तर दाब आणखी जास्त लागतो. बूट शाबूत आणि कड सुटलेली, यातही ग्रीस तितकंच जातं. फरक इतकाच की ते उशिरा कळतं.

सुटका झाली ती काउंटरवरून नाही. सियागंजात मी दुसऱ्याच कामाला, होज पाइप आणायला गेलो होतो. हवेच्या आणि तेलाच्या पाइपांचं अरुंद दुकान. तिथे खिळ्याला टांगलेल्या स्टेनलेसच्या गोल क्लिपा दिसल्या, प्रत्येकीला वर एक कान. कान चिमटला की क्लिप आवळते. "नाप बताओ," तो म्हणाला. माप खिशात होतं. तेवढ्या रिकाम्या दिवसांत मी दुसरं करत तरी काय होतो? बूट सांध्यावर बसवून खाचेत दोरा गुंडाळायचा, दोऱ्याची लांबी मोजायची, तिला 3.14 ने भागायचं. लांबी 270 मिलिमीटर भरली तर व्यास 86. कान दाबण्याआधी क्लिप याहून किंचित मोठी हवी, म्हणजे ती वरून सरकते. त्याने डब्यातून काढून दिल्या, छोट्या-मोठ्या दोन्ही. कान दाबायची पक्कडही त्याच्याकडेच मिळाली. साध्या पक्कडीने स्टेनलेसचा कान नीट दबत नाही, तो पैसा वाचवू नका.

बसवताना एक गोष्ट. ग्रीस भरताना हात बरबटतातच, पण बुटाची कड जिथे बसते ती खाच आणि कडेची आतली बाजू कोरडी खटखटीत पुसा. तिथे ग्रीस राहिलं तर कितीही चांगली क्लिप असो, कड सरकते. आणि छोटी क्लिप आवळण्याआधी कडेखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सरकवून आतली हवा सोडा. बूट आत चिमलेला किंवा फुगलेला दिसता कामा नये. दोन सांध्यांची ग्रीसची पाकिटं वेगळी असतात, अदलाबदल नको. पाकिटात आहे तेवढं सगळं घालायचं, काटकसर नको.

परत जोडताना हबचा नट नवा घ्या, जुन्याची कड एकदा उचलली की तो गेला. छोट्या गाड्यांत तो दीडशे-दोनशे न्यूटन मीटरच्या घरात आवळायचा असतो, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलातून बघून, टॉर्क रेंचने. एक्सल बाहेर असताना चाक लावून गाडी ढकलू नका, बेअरिंग खराब होतं. हे मला शेजाऱ्यांना सांगावं लागलं होतं, गाडी "जरा बाजूला घ्या" म्हणाले तेव्हा. गिअरबॉक्सच्या सीलमधून शाफ्ट घालताना सीलच्या ओठाला शाफ्टचे दाते लागू द्यायचे नाहीत. टक् आवाज आला की सांध्याचं कवच धरून थोडं ओढून बघायचं, निघालं नाही म्हणजे बसलं. गिअर ऑइल परत भरायचं.

त्यानंतर गाडी उज्जैनला जाऊन आली, चाक काढून बघितलं, रिम कोरडं. किटचा फोन अजून आलेला नाही. उजव्या बाजूचे बूट सध्या ठीक आहेत, पण त्यांच्या मापाच्या क्लिपा त्या होजवाल्याकडून आणून डब्यात टाकल्या आहेत.