रेकॉर्डरची वेळ: पॅडिंगकडून रनिंग स्टेटसकडे

टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग अपुरं राहिलं की ते हमखास शेवटाला तुटतं, आणि त्या शेवटच्या दोन मिनिटांसाठीच तर आपण अख्खा भाग बघत आलेलो असतो. हे थांबवायचं म्हणून सगळा खटाटोप चालू आहे. मागच्या टप्प्यापर्यंत माझ्या हातात फक्त घड्याळ आणि पॅडिंग, म्हणजे कार्यक्रमाच्या आधी-नंतर धरलेली जादा मिनिटं, एवढंच होतं. आता डीव्हीबी (डिजिटल टीव्ही प्रक्षेपणाचं मानक) ट्यूनर लावलेला रेकॉर्डर बहुतेक वाहिन्यांवर प्रक्षेपणातल्याच खुणा बघून चालू-बंद होतोय.

आधी घड्याळाचं, कारण ते चटकन आटोपतं. साध्या क्वार्ट्झचा वेग दशलक्षात २० भागांनी जरी चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. आठवडाभर मशीन इंटरनेटशिवाय चालू ठेवलं तर हा फरक डोळ्यांना दिसतो. क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवल्यावर एनटीपीशी, म्हणजे इंटरनेटवरून मिळणाऱ्या अचूक वेळेशी, फरक काही मिलिसेकंदांवर आला आणि तो विषय संपला. एक मात्र सांभाळा. रास्पबेरी पाय ४ किंवा त्याआधीच्या छोट्या संगणक-बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की नेटवर्क मिळेपर्यंत त्याला जुनीच वेळ खरी वाटते. त्यामुळे वेळ जुळल्याची खात्री पटेपर्यंत रेकॉर्डिंगची सर्व्हिस सुरूच होणार नाही, अशी अट मी सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) टाकली आहे.

पण घड्याळ कितीही अचूक असलं तरी कार्यक्रम वेळेवर सुरू होईल याची हमी ते देत नाही. वेळापत्रक हा फक्त अंदाज असतो. पॅडिंग वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे, असं माझं ठाम मत आहे. ट्यूनर एकच असेल आणि पाठोपाठचे दोन कार्यक्रम वेगवेगळ्या मक्सवर (एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणाऱ्या वाहिन्यांचा गठ्ठा) असतील, तर पहिल्याच्या शेवटची दहा जादा मिनिटं दुसऱ्याची सुरुवात खातात. सामना लांबला तर ती दहाही पुरत नाहीत.

खरी गंमत ईआयटीमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाबरोबर येणाऱ्या कार्यक्रम-माहितीच्या तक्त्यांमध्ये आहे. डीव्हीबी प्रवाहात पीआयडी (डेटाच्या पाकिटांवरचा ओळख क्रमांक) १८ वर कार्यक्रमांची माहिती येत असते. येत्या काही दिवसांचं वेळापत्रक त्यातच असतं, पण आपल्या कामाचा आहे तो 'प्रेझेंट-फॉलोइंग' हा छोटा तक्ता, टेबल आयडी ७८. आत्ता काय चालू आहे आणि पुढे काय आहे, एवढंच तो सांगतो. नियमाप्रमाणे निदान दर दोन सेकंदांनी तो पुन्हा यायला हवा. त्यात प्रत्येक कार्यक्रमाचा इव्हेंट आयडी असतो आणि तीन बिटांचं रनिंग स्टेटस असतं: १ म्हणजे सुरू नाही, २ म्हणजे काही सेकंदांत सुरू होतोय, ४ म्हणजे चालू आहे. वाहिनीने हे मनापासून पाळलं तर रेकॉर्डरला वेळ विचारायची गरजच उरत नाही. (कल्पना जुनीच आहे. जर्मनीत १९८५ पासून व्हीपीएस नावाचा प्रक्षेपणातला संकेत व्हिडिओ रेकॉर्डरला हेच सांगत होता.)

टीव्हीहेडएंड या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वाहिनीच्या सेटिंगमध्ये ईपीजी (कार्यक्रमांची यादी) रनिंग स्टेट, म्हणजे वरचं रनिंग स्टेटस, वापरण्याचा पर्याय आहे. तो सरसकट चालू करू नका. काही वाहिन्या हा तक्ता खऱ्या प्रसारणाबरोबर बदलतात, तर काही नुसत्या घड्याळाच्या ठोक्यावर बदलतात, मग पडद्यावर काहीही चालू असो. दुसऱ्या प्रकारच्या वाहिनीवर विसंबलात तर पॅडिंग परवडलं असं म्हणाल.

म्हणून आधी मोजणी. टीएसडक या साधनाने अख्खा ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (प्रक्षेपणाचा कच्चा डेटा प्रवाह) जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवायचा, आधीचा-नंतरचा भरपूर भाग धरून. मग इव्हेंट आयडी कुठे बदलला ते शोधायचं, शीर्षकाची पहिली फ्रेम कुठे आहे ते बघायचं आणि दोन्हींमधलं अंतर काढायचं. दोन्ही खुणा एकाच प्रवाहात असल्याने आपल्या घड्याळाचा त्यात संबंधच येत नाही, ही या पद्धतीची सगळ्यात मोठी सोय. फ्रेमची वेळ पीटीएसवरून, म्हणजे प्रवाहातच नोंदलेल्या फ्रेम दाखवण्याच्या वेळेवरून, मिळते. पीटीएस ३३ बिटांचा असतो आणि सेकंदाला ९०,००० ने वाढतो, म्हणजे साधारण साडेसव्वीस तासांनी पुन्हा शून्यावर येतो. हे शून्य नेमकं रेकॉर्डिंगच्या मध्ये आलं तर वजाबाकीचं उत्तर भलतंच येतं. स्क्रिप्टमध्ये त्याची सोय करून ठेवा.

लांबलेल्या थेट सामन्याची नोंद बघताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला. यादीतली संपण्याची वेळ उलटून गेली तरी तक्त्यात सामन्याचाच इव्हेंट आयडी, स्टेटस ४. मध्येच तक्त्याचा व्हर्जन क्रमांक एकाने पुढे सरकला आणि पुढच्या कार्यक्रमाची सुरुवात पुढे ढकलली गेली. मग बक्षीस समारंभ संपला, जाहिराती लागल्या, पुढच्या इव्हेंटचं स्टेटस २ झालं आणि थोड्याच वेळात आयडी बदलला. पडद्यावर शीर्षक त्यानंतर आलं. स्टुडिओत कुणीतरी ते नीट सांभाळत होतं, हे त्या आकड्यांतून स्पष्ट दिसत होतं.

खूण वेळेवर आली तरी ट्यूनर लॉक व्हायला वेळ लागतो, आणि त्यानंतरही पुढची की-फ्रेम (स्वतःपुरतं पूर्ण चित्र असलेली फ्रेम) येईपर्यंत चित्र स्वच्छ दिसत नाही. त्यामुळे यादीतल्या वेळेच्या बऱ्याच आधी ट्यूनर त्या मक्सवर नेऊन ठेवतो आणि मधला डेटा मेमरीत फिरत्या बफरमध्ये घेतो. आयडी बदलला की बफरमधला शेवटचा अर्धा मिनिट फाइलच्या सुरुवातीला जोडायचा. खूण किंचित उशिरा आली तरी शीर्षक हातचं जात नाही. शेवटालाही आयडी बदलल्यावर तेवढाच वेळ थांबतो.

वाहिन्यांची आता माझ्याकडे तीन गटांत यादी आहे: खुणेवर चालणाऱ्या, ठोक्यावर बदलणाऱ्या आणि स्टेटस कायम शून्य, म्हणजे 'अनिश्चित', ठेवणाऱ्या. शेवटच्या गटातल्या काहींचा इव्हेंट आयडी मात्र योग्य वेळी बदलतो, त्यामुळे स्टेटसकडे दुर्लक्ष करून नुसत्या आयडीवर त्यांचं काम भागतं. ठोक्यावर बदलणाऱ्यांना अजून पॅडिंगच आहे. त्यांच्यासाठी काळी फ्रेम आणि शांतता एकत्र पकडून सीमा शोधायचा प्रयोग सुरू केलाय, पण जाहिरातींच्या मध्येही तशाच जागा येतात, त्यामुळे त्यावर रेकॉर्डिंग थांबवण्याची जबाबदारी टाकायला मी अजून तयार नाही. सध्या तो फक्त नोंद करतो आणि कापाकापी मी हाताने करतो.