नऊ वाजून आठ मिनिटं

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. कंपनीची बस त्याला साडेआठला कोथरूड डेपोपाशी घेते आणि सव्वानऊला ती बहुतेक वेळा वाकडच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये उभी असते. हा मोबाईलवर बोट ठेवून तयार. घड्याळात 9:15 झाले, शेअरबाजार उघडला रे उघडला की ‘बाय’ दाबलंच. मग रविवारी जेवायला आला की सांगणार, "मावशी, मी पहिल्या सेकंदाला घुसतो!"

मी त्याला दरवेळी तेच सांगते. बाळा, तू पहिला नाहीस. त्या शेअरचा आजचा पहिला भाव सात मिनिटांपूर्वी ठरला, त्या भावाला सौदेही झाले. तू ताट घेऊन बसलास तेव्हा पहिली पंगत हात धुऊन उठली होती.

लोकांना प्री-ओपन, म्हणजे बाजार उघडण्याआधीचं सत्र, असतं एवढं माहीत असतं. तिथे काय चालतं ते बघायला मात्र कुणी बसत नाही. मी बसते. साडेआठला कुकर होतो, हे पेपर घेऊन गॅलरीत जातात, आणि नऊला मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडते. 9:00 ते 9:08 ऑर्डर टाकायच्या, बदलायच्या, रद्द करायच्या. या वेळात सौदा होत नाही, ऑर्डरी नुसत्या साठत जातात. मग एक्स्चेंजचा कॉम्प्युटर सगळ्या ऑर्डरी एकत्र घेऊन असा एकच भाव शोधतो, ज्याला जास्तीत जास्त शेअर हातबदल करतील. तोच ओपनिंगचा भाव.

उदाहरणच घेऊ. एक शेअर काल 500 ला बंद झाला. आज सकाळी घेणारे असे: 510 पर्यंत द्यायला तयार 300 शेअरसाठी, 508 पर्यंत 400 साठी, 505 पर्यंत 800 साठी. विकणारे असे: 502 मिळाले तरी चालतील असे 200 शेअर, 505 ला 600, 508 ला 900. आता 508 भाव धरला तर विकायला 1700 शेअर आहेत, पण घेणारे 700 च, म्हणजे सौदा 700 चा. 505 धरला तर घेणारे 1500 आणि विकणारे 800, सौदा 800 चा. 502 ला जेमतेम 200. म्हणून भाव ठरला 505. गंमत अशी, की ज्यानं 510 लावले होते त्यालाही 505 लाच मिळाला. आणि 505 लावलेल्यांचे 800 पैकी फक्त 100 भरले गेले, उरलेले 700 तसेच सव्वानऊच्या बाजारात उभे राहिले. आता 9:15 ला ‘बाय’ दाबणाऱ्याच्या पुढे रांगेत कोण उभं आहे ते बघा.

त्या आठ मिनिटांत स्क्रीनवर जो संभाव्य भाव दिसतो, त्याच्याकडे बघून बरेच जण फसतात. 9:03 ला एखादा शेअर चार टक्के वर दिसतो आणि 9:06 ला तो दीड टक्क्यावर आलेला असतो. कुणीतरी मोठी ऑर्डर टाकली, गर्दी जमवली आणि काढून घेतली. म्हणूनच ऑर्डर घेणं 9:07 ते 9:08 च्या दरम्यान अचानक, कुठल्याही सेकंदाला बंद होतं. शेवटच्या क्षणी ऑर्डर काढून पळणाऱ्याचा अंदाज चुकावा, हा त्यामागचा हेतू. ज्यानं हे ठरवलं त्याला माणसं चांगली कळत असणार! त्यानंतर 9:12 पर्यंत जुळणी, आणि पुढची तीन मिनिटं मोकळी. आमच्या बाई साधारण याच सुमाराला बेल वाजवतात, त्यामुळे ती तीन मिनिटं माझ्या कामी येतात.

माझी या धंद्याशी ओळख जुनी आहे. लग्नाआधी मी सदाशिव पेठेत एका सब-ब्रोकरकडे कामाला होते. पुण्याचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं हे आता तरुण मुलांना सांगितलं तर हसतात. 1982 साली सुरू झालेलं ते एक्स्चेंज कुमठेकर रस्त्यावर शिवलीला चेंबर्समध्ये होतं. आमच्याकडे कागदी सर्टिफिकेटं यायची, ट्रान्सफर डीड भरायचे, आणि सही जुळत नाही म्हणून महिन्याभरानं परत आलेले गठ्ठे मोजायचे हे माझं काम. सकाळचा पहिला भाव आम्हाला फोनवर कळायचा, तोही सांगणाऱ्याला फुरसत असेल तेव्हा. पुढे कितीतरी वर्षं बाजार 9:55 ला उघडत असे. जानेवारी 2010 मध्ये तो नऊवर आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्री-ओपन सुरू झालं तेव्हापासून सव्वानऊ. घरात पोळ्या लाटणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं 9:55 च बरं होतं, पण आम्हाला कोण विचारतो.

बरं, नऊला ज्या ऑर्डरी येतात त्या कशावरून? तर रात्रीवरून. इन्फोसिसचा निकाल आपला बाजार बंद झाल्यावर येतो, मग न्यूयॉर्कला त्याचे एडीआर (त्याच्या शेअरचे तिथल्या बाजारातले प्रतिरूप) वर जातात किंवा आपटतात, आणि आपण उठायच्या आत सगळ्यांना ते माहीत झालेलं असतं. गिफ्ट निफ्टी, म्हणजे आपल्या निफ्टी निर्देशांकावरचा वायदा, सकाळी साडेसहालाच चालू होतो. पूर्वी तो सिंगापूरला होता, जुलै 2023 पासून गुजरातेत गिफ्ट सिटीत आला. आपल्या पुण्याच्या कंपन्यांचंही तसंच. अमेरिकेत मोठ्या ट्रकच्या नव्या ऑर्डरी किती आल्या याचा महिन्याचा आकडा आला की मुंढव्याच्या भारत फोर्जकडे लोक बघायला लागतात. महिन्याच्या 1 तारखेला वाहनविक्रीचे आकडे येतात म्हणून आकुर्डीच्या बजाज ऑटोवर नजर. आणि पुणेकर? "आपली कंपनी आहे, पडणार नाही," म्हणून घेणार. कंपनीचं गेट आपल्या घरापासून किती किलोमीटरवर आहे यानं भाव ठरत असता तर मी कोथरूडला बंगला बांधला असता.

तर 9:15 ला जी धुमश्चक्री दिसते ती बातमीची नसते, बातमी ओपनिंगच्या भावात जिरलेली असते. ती असते उरलेल्यांची: ज्यांना प्री-ओपनमध्ये मिळालं नाही ते, ज्यांना मिळालं आणि लगेच विकून सुटायचंय ते, आणि बसमधले. घेणाऱ्याचा भाव आणि विकणाऱ्याचा भाव यात एरवी पाच-दहा पैशांचं अंतर असतं, ते या वेळी रुपया-दीड रुपयाही होतं. यात स्टॉप-लॉसही, म्हणजे भाव पडला तर आपोआप विकायला लावून ठेवलेली ऑर्डरही, दगा देते. ट्रिगर 495 (इथे ऑर्डर जागी होते) आणि लिमिट 494 (याखाली विकायचं नाही) लावून ठेवलं, आणि भाव 495.50 वरून एकदम 492 ला गेला, तर तुमची ऑर्डर 494 ला लटकत राहते आणि शेअर खाली निघून जातो.

मी साडेनऊपर्यंत हात लावत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांचा वरचा आणि खालचा भाव वहीत लिहिते (हो, वहीत), आणि त्या पट्ट्याच्या बाहेर भाव बऱ्यापैकी उलाढालीसह आला तरच एक सौदा. हे काही माझं संशोधन नाही, जगभर करतात, आणि तेही पुष्कळदा फसतं. दहानंतर मी बंद करते.

भाच्याला शेवटी गप्प केलं ते वजाबाकीनं. त्याच्याकडे 20 हजार, त्यावर इंट्राडेला, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायच्या सौद्याला, ब्रोकर पाचपट देतो, म्हणजे एक लाखाचा सौदा. घेताना-विकताना ब्रोकरेज 20 आणि 20. विक्रीवर एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर) 0.025 टक्के, म्हणजे 25 रुपये. स्टँप ड्यूटी, एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी धरून एकूण 80 च्या आसपास. दिवसाला पाच सौदे केले की 400 रुपये, म्हणजे त्याच्या खऱ्या पैशातले दोन टक्के, नफातोटा व्हायच्या आधीच गेले. बोटांवर मोजत होता, मग मोजणं थांबवून त्यानं वरण मागितलं.

बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं जुलै 2024 मध्ये आकडे काढले होते: 2022-23 मध्ये शेअरांत इंट्राडे करणाऱ्या दहातल्या सात जणांना तोटा, आणि वर्षाला 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत आठ जणांना. हे मी त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "म्हणजे दोन जण कमावतात ना?" याला काय बोलणार.

13 मार्च 2020 चं मात्र त्याला आवडतं. बाजार उघडून पाचेक मिनिटं होतात न होतात तोवर निफ्टी दहा टक्के पडला आणि सगळं ठप्प. पाऊण तास बंद, त्यानंतर पुन्हा प्री-ओपन घेतलं, म्हणजे एका दिवसात दोनदा पहिला भाव ठरला! आणि संध्याकाळी निफ्टी आदल्या दिवसापेक्षा वर बंद. पहिल्या पाच मिनिटांत घाबरून विकलेल्यांनी त्या दुपारी काय केलं असेल कोण जाणे.

राहता राहिला टॅक्स. इंट्राडेचं उत्पन्न सट्ट्याचा धंदा म्हणून धरतात, आणि त्यातला तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. चार वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. टिळक रोडवरचे आमचे सीए या एका कागदासाठी वेगळी फी मागतात. मी म्हटलं, वहीत सगळं लिहून दिलंय की. ते म्हणाले, वही आहे म्हणूनच जास्त लागतात. सध्या त्यावरून आमचं चाललंय.