उपमा

रविवार, रात्री साडेदहा

आज आईशी खोटं बोलले. पन्नाशीला दोन वर्षं उरलीत, आणि नाश्त्याला काय केलं यावरून खोटं बोलले.

तिचा फोन नेहमीच्या वेळी आला. इथे सकाळचे साडेआठ, तिकडे संध्याकाळचे सात. दिवा लावून झालेला, मालिका सुरू व्हायची असते, त्या मधल्या वेळात आम्हा तिघींचा नंबर लागतो. "काय केलंस गं नाश्त्याला?" मी म्हटलं, "उपमा." समोर बिडाच्या तव्यात सॉसेजच्या सहा टिक्क्या चरचरत होत्या.

"मटार घातलेस?"

"घातले."

म्हणजे वर आणखी एक.

दिवसभर तेच डोक्यात. ती काही रागावणार नव्हती. अंडी मी तिच्यासमोर खाल्लीत, चिकनचंही तिला माहीत आहे. डुकराचं तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक. बाबांचं ते स्टेशनसमोरच्या हॉटेलचं प्रकरण तिने कसं पचवलं, ते मी पाहिलंय. जाऊ दे, ते आज नको.

मग कशाला बोलले खोटं?

शेजारच्या आजोबांनी परवा त्यांचं खिमा करायचं यंत्र आणून दिलं. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायचं, दांडा फिरवायचा. थेट आपला सोऱ्याच, फक्त कुरडयांऐवजी मांसाच्या शेवया पडतात. आजोबांच्या मते विकतचं सॉसेज म्हणजे नुसतं मीठ. बॉब एव्हान्सची गोष्ट ते दर थंडीत सांगतात, जणू हे तिथे शेजारी उभेच होते: गॅलिपोलिसला त्याचं बारा खुर्च्यांचं हॉटेल, मनासारखं सॉसेज मिळेना, म्हणून १९४८ साली गडी स्वतःच करायला लागला. आता अख्ख्या ओहायोच्या दुकानांत त्याच्या नावाची पाकिटं असतात, आणि आजोबा तीही घेत नाहीत.

तर काल संध्याकाळी बसले. अडीच पाउंड मांस, खांद्याचं. इथे त्याला 'बॉस्टन बट' म्हणतात, का ते विचारू नये. त्यात साधारण चौथा हिस्सा चरबी हवी, नाहीतर टिक्क्या भुश्शासारख्या होतात. तुकडे आणि यंत्राचं पातं दोन्ही अर्धा तास फ्रीझरमध्ये. चरबी गार नसली की कापली जात नाही, फिसकटते. मग मिरी, थोडी लाल मिरची, चमचाभर मेपलचा पाक आणि सेजची वाळकी पानं चुरून. हा सेज तुळशीच्याच कुळातला, आणि त्याच्या तेलात कापूर असतो. पानं तळहातावर चुरली आणि मला एकदम आमचं देवघर आठवलं. परातीत डुक्कर आणि नाकात देवघर. हसू आलं, मग आलं नाही.

मळताना सुरुवातीला सगळं सुटंसुटं असतं. मीठ मुरत जातं तसा तो गोळा हाताला धरायला लागतो. तळवा उलटा केला तरी चिकटून राहिला म्हणजे झालं.

आणि तिथे ते झालं. हे असलं कच्चं चाखता येत नाही. आईला नैवेद्याचं चाखता येत नाही, तसं. ती पातेल्यावर वाकते, एक श्वास घेते आणि म्हणते, "मीठ कमी आहे." कधी चुकत नाही. तीस वर्षं मी तिची नक्कल करून बघतेय, मला कधी काही कळलं नाही. मला सगळ्याला फक्त वाफेचा वास येतो. काल परातीवर वाकले आणि कळलं. मीठ कमी आहे. कसं कळलं सांगता येणार नाही. सुपारीएवढा तुकडा तव्यावर परतून खाल्ला. कमीच होतं! खडं मीठ मी चमच्याने मोजलं होतं, ते चमच्यात कमी भरतं. मग काट्यावर सतरा ग्रॅमचा हिशोब लावून उरलेलं घातलं.

ओट्यापाशी एकटीच उभी होते. पहिला विचार हा, की उद्या आईला सांगायचं.

सकाळी तिने नेमकं तेच विचारलं, आणि मी उपमा म्हटलं.

सांगणार काय होते? आई, मला वासावरून मीठ कळलं. कशातलं? मग तिने काय म्हणायचं? "छान"? तिचं पातेलं आणि माझी परात एका वाक्यात घालायला जीभ वळली नाही. म्हणजे मी तिला दुखावायचं टाळलं, की माझीच ती गोष्ट मला विटाळायची नव्हती? हा शब्द माझ्या डोक्यात आला कुठून, याचाच दुपारभर राग येत होता. इतकी वर्षं इथे राहून आतलं सोवळं तसंच वाळत पडलंय की काय. एकटं वाटलं, उगाचच. टिक्क्यांच्या मध्यात थर्मामीटर खुपसून १६० फॅरनहाइट बघत होते आणि डोळ्यांत पाणी. मिरीचं असेल.

साडेअकराला ताईचा मेसेज: "आई विचारतेय, तिच्या उपम्याची फोडणी अजून चाललीच आहे का?"

म्हणजे ऐकत होती. पूर्ण वेळ. दहा मिनिटं ती चरचर कानाला लावून मला मटारचं विचारत होती! उपम्याची फोडणी अर्ध्या मिनिटाची, हे तिनेच मला शिकवलेलं. मी ताईला नुसता हसरा चेहरा पाठवला. तिने लिहिलं, "बाबांची पोरगी." यावर काय बोलणार.

नवऱ्याने उरलेल्या टिक्क्या बटर पेपरात घालून फ्रीझरला टाकल्या आणि पिशवीवर मार्करने लिहिलं, 'उपमा'. लेकाने विचारलं यात विनोद काय आहे. कोणी सांगितलं नाही.

संध्याकाळी मग खरंच उपमा केला. निदान तारीख तरी तीच राहील. रवा भाजला, मटार घातले, झाकण काढून वाकले, लांब श्वास घेतला. बरोबर वाटलं.

ताटात वाढल्यावर कळलं, मीठ घातलंच नव्हतं.