आमची वाटचाल : भट्टी, वही आणि आठ माणसं

वडिलांनी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतण्याचा कारखाना, सुरू केली तेव्हा कोकवर चालणारी क्युपोला भट्टी होती आणि आठवड्यातून दोनदाच ओतकाम व्हायचं. आज पाचशे किलोची इंडक्शन भट्टी आहे. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरची हाउसिंग असा ग्रे आयर्नचा माल रोज बाहेर पडतो. ठेकेदाराची माणसं धरून आम्ही बासष्ट जण आहोत. यंत्रं कधी घेतली, कर्ज कसं फेडलं हे सांगण्यासारखं आहेच, पण मला लिहायचं आहे ते आमच्या सुरक्षा समितीविषयी. गेल्या काही वर्षांत कारखान्यात जे खरोखर बदललं, ते तिच्यामुळे बदललं.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंद राहिला. तयार माल आमच्याकडे अडकला, पिग आणि सिलिकॉन या कच्च्या मालाच्या गाड्या पलीकडे अडकल्या. रस्ता मोकळा झाला त्या सकाळी ग्राहकांचे फोन सुरू झाले. आमच्या यार्डावर तेव्हा छप्पर नव्हतं. भंगार, रनर-रायझर (कास्टिंगचे तोडलेले जोडतुकडे) आणि बोरिंगचा, म्हणजे यंत्रकामातून निघालेल्या लोखंडी चुऱ्याचा, ढीग आठवडाभर पावसात भिजलेला. आमचे मेल्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारे, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, माझ्याकडे आले. "मालक, बोरिंग वलं हाय. आजचा दिस जाऊ द्या." मी म्हणालो, "मामा, थोडं थोडं टाका, वरच्या वर वाळेल. आज हीट निघालीच पाहिजे."

दुसऱ्या हीटला, म्हणजे लोखंड वितळवायच्या दुसऱ्या फेरीला, भट्टी उसळली. तळाशी वितळलेलं लोखंड होतं आणि ओलं बोरिंग त्याच्या पृष्ठभागाखाली गेलं. लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. त्यात पाणी अडकलं की क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची साधारण सतराशे लिटर वाफ. तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती धातूच उचलून फेकते. चार्जिंग करणारा, म्हणजे भट्टीत माल टाकणारा, मुलगा बिहारचा, चोवीस वर्षांचा. त्याच्या मानेवर आणि हातावर धातू उडाला. अंगात टेरिकॉटचा शर्ट होता, तो वितळून कातडीला चिकटला. जाड सुती कपडा असता तर जखम कमी खोल गेली असती, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. दोन महिन्यांनी तो कामावर आला. मानेवरचा डाग कायमचा राहिला आहे.

मामांनी मला सांगितलं होतं. तीस वर्षं भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला धोका दिसत होता, आणि "नाही" म्हणण्याचा अधिकार माझ्या कारखान्यात त्याच्याकडे नव्हता. त्या रात्री मी झोपलो नाही.

अपघाताचे कागद भरताना कायदा पहिल्यांदा नीट वाचला. कारखाना अधिनियम १९४८ चा, पण धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण त्यात १९८७ साली घातलं गेलं, भोपाळच्या वायुगळतीनंतर. त्यातलं ४१-जी कलम सांगत होतं की अशा कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात कामगारांचे व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समान संख्येनं हवेत. आणि धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फाउंड्रीचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. माझी समजूत अशी होती की हे सगळं मोठ्या रसायनाच्या कंपन्यांसाठी आहे. तसं पाहिलं तर समिती आमच्याकडेही होती. फाइलमध्ये. आठ नावं, आठ सह्या, आणि दर तीन महिन्यांनी तारीख बदलून काढलेला तोच कागद. त्यातल्या दोघांना आपण समितीत आहोत हेही माहीत नव्हतं.

ती फाइल बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात केली. कामगारांचे चार प्रतिनिधी कामगारांनीच निवडायचे ठरलं : भट्टी आणि ओतकामाचा एक, मोल्डिंगचा (वाळूचे साचे) एक, फेटलिंगचा (ओतलेला माल घासून साफ करणं) एक आणि कोअर शॉपमधल्या, साच्याच्या आतले वाळूचे गाभे बनवणाऱ्या, बायकांचा एक. फेटलिंगवर जवळजवळ सगळे ठेकेदाराचे, बिहार-ओडिशाकडचे. ठेकेदाराचं म्हणणं, "माझी माणसं तुमच्या मीटिंगला कशाला?" धूळ त्यांच्याच छातीत जाते, मग ते नाहीत तर मीटिंग कशाची? मी ऐकलं नाही. आमच्या बाजूनं मी, सुपरवायझर, मेंटेनन्सचा माणूस आणि स्टोअर सांभाळणारी माझी बहीण.

पहिल्या तीन मीटिंगा चहा आणि शांतता. शिफ्ट सुटल्यावर ठेवल्या होत्या, प्रत्येकाचं लक्ष घड्याळाकडे. कुणाची काही तक्रार? "काय न्हाई, साहेब." आपल्याला दम भरायला बोलावलंय असंच त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटायला कारण मीच दिलं होतं. चौथी मीटिंग आम्ही भट्टीच्या लायनिंगच्या, म्हणजे आतलं अस्तर नव्यानं ठोकण्याच्या, दिवशी, कामाच्या वेळेत, पगारी घेतली. लायनिंग ठोकताना भट्टी बंदच असते, उत्पादनाची घाई नसते, आवाजही कमी असतो. तेव्हापासून मीटिंग त्याच दिवशी होते. त्या दिवशी मी सुरुवातीलाच सांगितलं की ऑगस्टमध्ये मामांचं मी ऐकलं नाही आणि त्यामुळे एक मुलगा भाजला. हे सगळ्यांसमोर, त्या मुलाच्या देखत सांगितलं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा म्हणाले, "आता ह्येच वहीत लिवा." समितीच्या वहीचं पहिलं पान तेच आहे.

त्याच पानावर पहिला निर्णयही आहे : चार्ज ओला, बंद तोंडाचा किंवा संशयास्पद वाटला तर मेल्टर भट्टी थांबवेल. कुणाला विचारायचं नाही. थांबलेल्या वेळेचा पगार कुणाचाही कापला जाणार नाही. बंद तोंडाचा माल म्हणजे शॉक-अॅब्झॉर्बरच्या नळ्या, दोन्ही टोकं दाबलेले पाइप, छोटे सिलिंडर. आत तेल, पाणी किंवा नुसती हवा जरी कोंडलेली असली तरी ते बॉम्बसारखं फुटतं. यार्डावर छप्पर घातलं, भंगार निवडायला एक माणूस नेमला. छपराचा खर्च मी दोन वर्षं पुढे ढकलत आलो होतो. दवाखान्याचे ते दोन महिने आठवले की त्या हिशेबाची मला आजही लाज वाटते.

कोअर शॉपच्या ताईंनी बोलायला सुरुवात केली तेव्हा मला माझ्याच कारखान्याची नव्यानं ओळख झाली. शेल कोअरची वाळू रेझिन चढवलेली असते. गरम पेटीत ती भाजली की फिनॉल, अमोनियाचा उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात. तिथे मी मोठा एक्झॉस्ट पंखा लावला होता आणि काम झालं असं धरून चाललो होतो. ताई म्हणाल्या, "दादा, पंखा भिंतीला हाय, मशीन मधी हाय, आन् आमी दोघांच्या मधी. सगळा धूर आमच्या तोंडावरनंच जातोय की." मी तिथे जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो. पाच मिनिटंही नीट उभं राहता येईना. पंखा काढून प्रत्येक मशीनच्या डोक्यावर हूड बसवला, धूर उठतो तिथूनच ओढून घेणारा.

सगळ्यात जास्त वाद धुळीवर झाला, आणि तो मी सविस्तर सांगणार आहे. फेटलिंगमध्ये कास्टिंग ग्राइंड करताना चिकटलेल्या वाळूची धूळ उडते. दिसणारी जाड धूळ नाकात अडकते. खरी घातक ती, जी डोळ्यांना दिसत नाही. सिलिकाचे ते बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. धूळ थांबवली तरी फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही. म्हणून फेटलिंगच्या प्रतिनिधीनं मागणी केली की कोरडा झाडू बंद करा, पाणी मारून झाडा. मागणी रास्त होती. मी लगेच हो म्हणणार होतो.

मामा उठून उभे राहिले. "पानी? ओतकामाच्या जाग्यात?" ओतताना लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, थोडं लोखंड जमिनीवर सांडतंच. जमीन ओली असेल तर तिथेही तेच होणार जे भट्टीत झालं होतं. एकाचं फुप्फुस वाचवायचं तर दुसऱ्याचे पाय धोक्यात. दोघंही बरोबर होते. दीड तास चर्चा झाली, हिंदी-मराठीत, खडूनं जमिनीवर आराखडे काढून. शेवटी फेटलिंग शेड आणि ओतकाम यांच्यामध्ये सहा इंचांचा कट्टा बांधायचं ठरलं. कट्ट्याच्या पलीकडे पाणी मारून झाडायचं, अलीकडे पाण्याचा थेंब नको, तिथे औद्योगिक व्हॅक्यूम क्लीनर. तो कट्टा मी किंवा बाहेरचा कुठलाही सल्लागार ऑफिसात बसून काढू शकला नसता.

त्यानंतर सगळ्यांची छातीची एक्स-रे तपासणी आणि श्वासाची चाचणी करून घेतली. अहवाल प्रत्येकाच्या हातात दिला, त्याच्या भाषेत समजावून. फेटलिंगवरच्या एका अण्णांची श्वासाची चाचणी कमी आली. ते घाबरले ते आजाराला नाही, काम जाईल म्हणून. समितीनं ठरवलं की त्यांना तपासणी विभागात घ्यायचं आणि पगार तोच ठेवायचा. मी सही केली. पगार कमी केला असता तर पुढच्या वर्षी कुणीही तपासणीला आला नसता.

आमच्याकडून एक चूक झाली तीही सांगतो. गेटवर "अपघाताविना इतके दिवस" असा फलक लावला आणि शंभर दिवस झाले की मिठाई जाहीर केली. दोन महिन्यांनी कळलं, एकानं बोटाला झालेली जखम रुमाल बांधून लपवली होती. आपल्यामुळे सगळ्यांची मिठाई जाईल म्हणून. जखम चिघळल्यावर समजलं. फलक त्याच दिवशी उतरवला. आता थोडक्यात टळलेल्या गोष्टी मोजतो. घसरलेली साखळी, तडकलेलं लॅडल, चालू ग्राइंडरचं उघडं गार्ड. ज्या महिन्यात वहीत अशा नोंदी कमी, त्या महिन्यात मला काळजी वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत निम्मी माणसं गावी गेली आणि समितीही थंडावली. कारखाना सुरू झाल्यावर ऑर्डरी आधी सुरू झाल्या, मीटिंग नंतर. आठवण करून दिली ती भाजलेल्या त्याच मुलानं. तो परत आला होता आणि आता भट्टीचा प्रतिनिधी आहे. मामांचा वारसदार म्हणायला हरकत नाही.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा महामार्ग बंद झाला. रस्ता उघडल्यावर पुन्हा तेच फोन. यार्डावर छप्पर होतं, पण वाऱ्याच्या झोतानं एका बाजूचं बोरिंग भिजलं होतं. त्या मुलानं पॅनेलचा स्विच खाली केला आणि माझ्याकडे फक्त पाहिलं. मी ग्राहकाला फोन करून दोन दिवस मागून घेतले. त्यांनी कुरकुर केली, पण दिले. तेवढ्या वेळात बोरिंग पत्र्यावर पसरून, गरम हवा देऊन वाळवलं. पुढे चार्ज तापवून घेण्यासाठी एक छोटा प्रीहीटरही केला.

वहीत आता प्रत्येक मागणीपुढे तीन रकाने आहेत : कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि झालं की नाही. नाही म्हणायचं असेल तर कारण मला माझ्या हातानं लिहावं लागतं आणि ते पुढच्या मीटिंगमध्ये मराठीत नि हिंदीत वाचलं जातं. गेल्या मीटिंगला नॉक-आउटच्या, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतानाच्या, धुळीचा मुद्दा पुन्हा आला. तिथला डस्ट कलेक्टर महाग आहे आणि बँकेचा कागद अजून झालेला नाही. मी मुदत वाढवून मागितली. ताईंनी जुनी तारीख खोडू दिली नाही, तिच्याखाली नवी लिहायला लावली. दोन्ही तारखा माझ्या नावापुढे आहेत. दिवाळीच्या आत मशीन बसवायचं आहे.