जुन्या फायलींतली मराठी कुठे गेली?

गिरगावात मी तीस वर्षे मराठी अक्षरजुळणीचे काम करत आलो आहे, आणि अलीकडे पुष्कळ लोक एकच प्रश्न घेऊन येतात: "मंडळाची स्मरणिका सीडीवर जपून ठेवली होती, ती नव्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि विचित्र चिन्हे दिसतात. मजकूर खराब झाला का?" तुम्हीही तेच विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. मजकूर खराब झालेला नाही. खरे म्हणजे त्या फायलीत मराठी कधी नव्हतीच.

नव्वदच्या दशकात आपण वापरत होतो त्या ऑपरेटिंग सिस्टिमला देवनागरी ठाऊक नव्हती. विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसवावे लागे, तेव्हा पडद्यावर मराठी उमटे. पुढे 1992 मध्ये विंडोज 3.1 आले, त्यासोबत ट्रूटाइप नावाचे, कोणत्याही आकारात नीट उमटणारे फॉन्ट आले, आणि आपल्याकडच्या फॉन्टकारांनी एक युक्ती योजली: इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या घरांत क, ख, काना, वेलांटी आणि अर्धी अक्षरे यांची चित्रे बसवायची. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच राहायचे, फक्त वाचणाऱ्याच्या डोळ्यांना क दिसायचा. कोणत्या घरात कोणते चित्र, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले होते. त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल गेली की चित्रे गळून पडतात आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. तुमच्या सीडीचे हेच झाले आहे.

विंडोज 95 चे कौतुक स्टार्ट बटणासाठी होते. आम्हाला मोलाची वाटली ती लांब नावांची सोय, कारण तोवर कोणाची लग्नपत्रिका कोणत्या फायलीत आहे हे आठ अक्षरांत कोंबावे लागे. तरीही ते नाव रोमन लिपीतच लिहावे लागे.

माझ्या मते मराठी माणसासाठी खरा बदल 2000 साली झाला. जगातल्या लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणारे युनिकोड 1991 मध्येच आले होते आणि त्यात देवनागरीला तिची स्वतःची घरे होती, पण नुसते क्रमांक देऊन आपली लिपी दिसत नाही. 'कि' लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते, पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी यावी लागते. 'सूर्य' मधला र रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, तर 'दुसऱ्या' मधला र य ला डावीकडून चिकटतो, आणि मराठीच्या या दुसऱ्या र साठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला वेगळा र वापरावा लागतो. ही सारी मांडणी फॉन्टच्या मदतीने स्वतः करणारी विंडोज 2000 ही पहिली विंडोज होती, आणि तिच्या भाषांच्या यादीत मराठी होती. फायलीचे नाव 'लग्नपत्रिका' असे देवनागरीत मी पहिल्यांदा लिहिले तो दिवस मला अजून आठवतो.

विंडोजसोबत आलेला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. पवईच्या आयआयटीत शिकवणारे आणि मराठीत कविता लिहिणारे हे सुलेखनकार पुढे जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत अक्षरांवर काम करत होते. त्याच संस्थेत लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमला भारतीय लिप्या शिकवण्याचा इंडिक्स हा प्रकल्पही चालला. आपल्या अक्षरांचे इतके महत्त्वाचे काम मुंबईत झाले आणि मुंबईलाच त्याची फारशी माहिती नाही, याचे मला वाईट वाटते.

विंडोज एक्सपीमध्ये ही सोय होती, पण बंद असे. संगणकाच्या नियंत्रण कक्षात, म्हणजे कंट्रोल पॅनेलमध्ये, जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, मग संगणक मूळ सीडी मागे, आणि लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेल्या यंत्रासोबत ती बहुधा नसे. म्हणून पुष्कळ छापखाने जुन्याच फॉन्टांवर राहिले, आणि मीही 2006 पर्यंतच्या साऱ्या स्मरणिका त्यांतच केल्या. एक्सपीनंतर आलेल्या विंडोज विस्टापासून देवनागरी आपोआप चालू मिळू लागली. त्यानंतरच्या आवृत्त्यांत रूप बरेच पालटले, पण लिपीच्या दृष्टीने एवढे मोठे काही घडलेले नाही.

आता तुमच्या सीडीविषयी. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातल्या फॉन्टच्या फायली काढून घ्या, कारण फॉन्ट कोणता हे कळल्याशिवाय कोणत्या घरात कोणते चित्र होते ते कळत नाही आणि युनिकोडमध्ये रूपांतर करता येत नाही. रूपांतर झाल्यावर आधी 'ऱ्य' असलेले शब्द तपासा: शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, दुसऱ्या. चुका बहुतेक तिथेच आणि जोडाक्षरांत सापडतात. स्मरणिकेची छापील प्रत घरात असेल तर तीही घेऊन या. ती शेजारी ठेवून आपण ओळीमागून ओळ वाचू.