एका धाब्याखालची चार घरे

कारंजाच्या परिसरातील एका गावात, बाजाराच्या गल्लीत, भिंतीला भिंत लावून धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, चार घरे उभी आहेत. त्यांपैकी मधली दोन विक्रीला निघाली, तेव्हा खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या बँकेसाठी मालकीहक्काचा शोध अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या दस्तांच्या मागील 30 वर्षांच्या सूची पाहिल्या, परंतु या मिळकतींची एकही नोंद निघाली नाही. कोरी सूची पाहून पुष्कळ जण निश्चिंत होतात. मला मात्र अशा वेळी घर पाहिल्याशिवाय अहवालावर सही करवत नाही, कारण गावठाणातील जुनी घरे नोंदणीपेक्षा तोंडी वाटणीनेच अधिक हातांतून गेलेली असतात.

विकणारे दोघे चुलतभाऊ. त्यांच्यापाशी ग्रामपंचायतीचे नमुना आठचे उतारे होते आणि तेवढ्यावर काम भागेल अशी त्यांची समजूत होती. वास्तविक ती कर आकारणीची नोंद असते, मालकीचा पुरावा नव्हे.

आत गेल्यावर घरानेच आपला इतिहास सांगायला सुरुवात केली. बाहेरची भिंत पांढऱ्या मातीची, चांगली दोन हात रुंद. दोन्ही घरांमधली भिंत मात्र कच्च्या विटांची आणि तिच्या निम्मीही नसलेली. सागाची मुख्य तुळई एका घरातून निघून त्या भिंतीला भेदून दुसऱ्या घरात गेली होती आणि तिच्याखालचा कोरीव खांब भिंतीत अर्धा बुजला होता. खांब आधीचा आणि भिंत नंतरची, हे कळायला वकिली लागत नाही. शिडीने वर चढलो, तर चारही घरांवरचा मातीचा थर सलग होता, त्याला एकाच दिशेचा उतार होता आणि सर्व पन्हाळी शेवटच्या घराच्या मागे उघडत होत्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला मोठा भाव आला आणि पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे कारंजावरूनच गेली. गल्लीकडची रुंद दारे आणि समोरच्या खोल्यांची लांबी पाहता, हे मूळचे एकच घर कापसाच्या व्यापाऱ्याचे असावे, असा माझा कयास आहे.

जुने कागद मागितल्यावर थोरल्या भावाने पत्र्याची पेटी उघडली. तीत मोडी लिपीतील एक वाटणीपत्र निघाले. ते वाचून घेतल्यावर उलगडा झाला. इंग्रजी अमदानीत चार भावांनी घराचे चार भाग केले होते. पुढे एक भाऊ निपुत्रिक वारला आणि त्याचा भाग शेजारच्या भावाकडे गेला. म्हणजे मधली दोन्ही घरे एकाच माणसाची झाली. हा माणूस या चुलतभावांचा आजोबा. तो 1956 नंतर वारला आणि त्याच्या दोन मुलांनी दोन घरे तोंडीच वाटून घेतली. त्याला एक मुलगीही होती, हे मला विचारल्यावरच कळले. "आत्याचं काय त्याच्यात? तिले लग्नात दिलं ना!" असे धाकटा म्हणाला.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारसा दिला खरा, पण कलम 23 ने कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी मागण्यास तिला मनाई केली होती; भावांनी वाटणी मागितली तरच तिचा हिस्सा वेगळा निघे. 2005 च्या दुरुस्तीने हे कलम वगळले आणि मुलीला सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः वाटेकरी, केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटणीला या दुरुस्तीने धक्का लागत नाही. तोंडी वाटणी मात्र अपवादानेच मान्य होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. इथे तर कागदाचा कपटाही नव्हता. आत्याच्या सहीशिवाय मालकी निर्वेध नाही, असे मी बँकेला लेखी कळवले.

आत्या दारव्हा तालुक्यात राहत होत्या. भाचे हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच आले होते. बाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "हिस्सा घ्याचा का सोडाचा, हे मी ठरवीन. तुमी काऊन ठरोता?" त्यांनी हिस्सा घेतला. भाचे आठवडाभर रुसले, पण खरेदीदार थांबायला तयार होता.

खरेदीखतात लिहून देणारे तिघे झाले. सामाईक भिंती, त्यांतून गेलेली तुळई आणि शेवटच्या घराच्या मागे उतरणारे पाणी यांचा करार मी वेगळ्या कलमात घातला. त्यावर दोन्ही कडेच्या घरमालकांच्या संमतीदार म्हणून सह्या घेतल्या. खरेदीदाराचा बेत दोन्ही घरे पाडून स्लॅब टाकण्याचा होता. तुळई काढता येत नाही हे समजल्यावर त्याने किंमत उतरवून मागितली आणि थोडी घासाघीस होऊन ती उतरली.