लिपिड वही : हळू चाललो, पळालो, टेकडी चढलो

होळी झाली, रक्तातल्या चरबीचा, म्हणजे लिपिडचा, तिसरा रिपोर्ट हाती आला. आधी आकडे, मग भांडण : चालणं बरं की दम लागेपर्यंत पळणं-चढणं?

ट्रायग्लिसराइड्स (रक्तात फिरणारी चरबी) दिवाळीनंतर २१४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते, संक्रांतीला १६८, आता १६१. एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३६, ३७ आणि ४१. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १३१, १३४, १२९, म्हणजे जागच्या जागी. गोळी कोणतीच चालू नाही. वजन दीड किलोने उतरलं, रविवारचे तर्री पोहे मात्र तसेच.

संक्रांतीपर्यंत फक्त भरभर चालणं. नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सचा वॉकर्स स्ट्रीट, सकाळची थंडी, सोबत्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असा वेग. माझ्या अठ्ठेचाळिशीत नाडी ११० ते १२०. त्यानंतर अंबाझरीकडे जॉगिंग आणि आठवड्यातून एकदा सेमिनरी हिल्सचा चढ. तिथे नाडी १४० च्या घरात.

आता भांडण. आपल्या चालणाऱ्या-पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या पोरांचं पालुपद एकच : "दम लागल्याशिवाय चरबी कशी जळन, दादा?" माझ्या वहीत ट्रायग्लिसराइड्सची मोठी घसरण चालण्याच्या महिन्यांत दिसते, आणि एचडीएल हललं ते किलोमीटर वाढल्यावर. एका माणसाच्या तीन रिपोर्टांवर कोणी विश्वास ठेवू नये, मीही ठेवत नाही. ट्रायग्लिसराइड्स तर आठवड्या-आठवड्यालाही बरेच खालीवर होतात. पण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'स्ट्राइड' अभ्यासातलं चित्रही याच वळणाचं आहे. त्याचे निष्कर्ष २००२ साली छापून आले. वजन जास्त, बैठं काम, लिपिड बिघडलेले अशा लोकांचे गट पाडून आठ महिने व्यायाम करवला. एक गट आठवड्याला साधारण १९ किलोमीटर चालण्याइतका, दुसरा तितकंच पण जॉगिंगच्या जोराने, तिसरा ३२ किलोमीटर जॉगिंगइतका. एचडीएल ठळकपणे वाढलं ते तिसऱ्या गटाचं. एलडीएलचा आकडा फारसा बदलला नाही, पण त्याचे बारीक, दाट, जास्त घातक समजले जाणारे कण कमी झाले. आपल्या नेहमीच्या लॅब रिपोर्टमध्ये हे दिसतच नाही, त्यामुळे 'एलडीएल हललं नाही' म्हणून बूट टांगून ठेवायची गरज नाही.

मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या भागाची. व्यायाम थांबवून सुमारे दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, तेव्हा ट्रायग्लिसराइड्सच्या बाबतीत चालणाऱ्यांची कमाई टिकून होती, जोराने पळणाऱ्यांची नाही. जास्त अंतर पळणाऱ्यांचं एचडीएल मात्र टिकलं. पोरांना हे वाचून दाखवलं, तर म्हणे आम्ही थांबतोच कुठे!

एचडीएलसाठी आणखी एक धागा. २००७ साली बऱ्याच अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात आठवड्याला किमान १२० मिनिटं हा उंबरठा निघाला, आणि प्रत्येक वेळचा व्यायाम दहा मिनिटांनी लांबला की एचडीएलमध्ये साधारण १.४ ची भर. जोराचा संबंध दिसला नाही. म्हणून माझं मत : वेग नंतर बघू, आधी फेरी लांबवा. आपल्याकडे तर याची गरज जास्तच. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' पाहणीत ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं होतं.

चढाचा फायदा नाही असं नाही. दमसास वाढतो, वेळ वाचतो, आणि खरं सांगायचं तर मजा तिथेच येते. फक्त तो ट्रायग्लिसराइड्सच्या नावावर खपवू नका. बीपी, शुगर असेल किंवा छातीत भरून येत असेल, तर टेकडीआधी डॉक्टर.

रक्त देणाऱ्यांसाठी : व्यायामानंतर स्नायूंमधलं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम रक्तातली चरबी जोमाने ओढून घेतं, त्याचा असर एक-दोन दिवस राहतो. आदल्या संध्याकाळी टेकडी चढून सकाळी सुई टोचून घेतली, तर आकडा त्या एका चढाचाच जास्त असतो. मी दर वेळी दोन दिवस आराम करून, बारा तास उपाशीपोटी जातो. रिपोर्टची तुलना करायची तर लॅबही तीच ठेवा.

आता एप्रिल-मे. पारा ४५ कडे निघाला की जॉगिंग बंद, साडेपाचच्या आत निघून लांब चालणं, बाटलीत मीठ-साखर-लिंबू. पुढचं रक्त मृग लागल्यावर. टेकडीवाल्यांनीही तेव्हाच तपासून घ्यावं, राजेहो. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच पुढचं भांडण करू.